गुरूचे चुंबकावरण: कारण आतले की बाहेरचे?

गुरूच्या चुंबकावरणावर, म्हणजे त्याच्या चुंबकीय क्षेत्राचा प्रभाव चालतो त्या अवकाशातल्या भागावर, काम सुरू करणाऱ्यांना एका चुकीबद्दल आधीच सावध करावेसे वाटते, कारण त्या चुकीत माझे जवळपास वर्ष गेले आणि त्याची रुखरुख अजून जात नाही.

पृथ्वीच्या चुंबकावरणावर सौरवाऱ्याची, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताची, सत्ता चालते. गुरूपाशी मात्र दहा तासांहून थोड्या कमी वेळात होणारे परिवलन आणि आयो या उपग्रहावरच्या ज्वालामुखींमुळे दर सेकंदाला साधारण एक टन या प्रमाणात भरणारा प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) यांची. तरीही सौरवाऱ्याच्या दाबानुसार चुंबकावरणाची सूर्याकडची सीमा गुरूच्या सुमारे 60 ते 90 त्रिज्यांदरम्यान पुढेमागे सरकतेच.

मी गुरूच्या ध्रुवांजवळ दिसणाऱ्या ध्रुवीय प्रकाशाच्या तेजाचा आलेख सौरवाऱ्याच्या दाबाच्या आलेखाशेजारी ठेवला, शिखरे जुळली आणि तो उजळण्याचे कारण बाहेरच्या सौरवाऱ्यात सापडले असे मानले. पण तो दाब गुरूजवळ मोजलेलाच नव्हता. पृथ्वीजवळची मोजमापे संगणकीय प्रारूपाने तिथवर नेलेली होती. असा अंदाज सूर्य, पृथ्वी आणि गुरू जवळपास एका रेषेत असताना, म्हणजे प्रतियुतीच्या आसपास, सर्वांत भरवशाचा असतो आणि तेव्हाही त्यात एक-दोन दिवसांची चूक धरावी लागते; दोन दिवसांत गुरू स्वतःभोवती जवळजवळ पाच वेळा फिरतो. माझ्या नोंदी प्रतियुतीपासून तीन महिने दूरच्या होत्या. त्याच काळात आयोकडून येणारा प्लाझ्मा वाढला होता का, हेही मी पाहिले नव्हते. म्हणून प्रतियुतीची तारीख आलेखावरच लिहा. तयार आलेख उचलून निष्कर्ष काढण्याची घाई मला आता अक्षम्य वाटते.

सिद्धान्तही इथे सरळ वाट दाखवत नाही. चुंबकावरण दाबले गेले की आत सरकलेला प्लाझ्मा कोनीय संवेग अक्षय्यतेमुळे वेगाने फिरतो, गुरूच्या परिवलनामागची त्याची पिछाडी कमी होते आणि त्या पिछाडीतून निर्माण होणाऱ्या विद्युतप्रवाहांवर चमकणारे ध्रुवीय प्रकाशाचे मुख्य वलय मंदावायला हवे. निरीक्षणांत मात्र ते अनेकदा उजळलेले दिसते. ही विसंगती पाहून खचू नका, मीही खचलो होतो. जे मार्गदर्शक ती सहज झटकून टाकतात, त्यांच्यापेक्षा मूळ नोंदी पुन्हा उघडायला लावणारे मला अधिक मोलाचे वाटतात.

2016 पासून गुरूभोवती फिरणाऱ्या जूनो यानाने सुरुवातीच्या कक्षांत चुंबकावरणाची सीमा वारंवार ओलांडली. त्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत आणि सीमा नेमकी कुठे सापडली यावरून बाहेरच्या दाबाचा अंदाज तिथल्या तिथे बांधता येतो. मी दुसऱ्यांदा सुरुवात तिथूनच केली.