दोन चमचे, मध्ये एक बोट

दोन चमचे एकमेकांवर आपटून ताल धरायला, म्हणजे चमचे वाजवायला, बसणाऱ्याला मी आधी तर्जनीबद्दल सांगते. दांड्यांमध्ये अडकवलेल्या त्या एका बोटावर सगळा नाद अवलंबून असतो. हे कळेपर्यंत माझा महिना गेला. तोवर मूठ इतकी आवळून धरायचे की करंगळी बधिर व्हायची, आणि आवाज यायचा डबा बडवल्यासारखा.

चमचे एकसारखे घ्या: अखंड स्टीलचे, जरा वजनदार, चपट्या दांड्याचे. रशियात आणि तुर्कस्तानात लाकडी चमचे वाजवतात. तुर्की नर्तक दोन्ही हातांत एकेक जोडी धरून नाचतात. एकाच लाकडातून कोरलेली जोडीही असते. पण तिच्यातली फट आधीच ठरलेली, आणि शिकायची आहे ती नेमकी फटच.

एक चमचा अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये, खोलगट बाजू वर. दुसरा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये, खोलगट बाजू खाली. म्हणजे पाठीला पाठ. दांड्यांची टोकं तळव्यात टेकवून उरलेल्या बोटांनी धरा. पाठींमध्ये साधारण एक सेंटीमीटर फट हवी. आता दुसऱ्या हाताने चमचे एकमेकांवर दाबा आणि सोडा. आपोआप उघडले तर पकड जमली. चिकटून राहिले तर मूठ सैल करा. घाई करू नका, पहिले दोन-तीन दिवस एवढंच केलं तरी चालेल.

मग खुर्चीत बसा. मोकळा हात मांडीच्या वर वीतभर अंतरावर पालथा धरा. चमचे खाली जाताना मांडीवर आपटतात, वर येताना या तळहातावर. चमच्यांचा हात कोपरातून हलवा, मनगट सैल सोडा. मांडी लाल होत असेल तर जोर जास्त होतोय.

घोड्याच्या टापांसारखा ठेका सगळ्यांना हवा असतो: खट, खटखट, खट, खटखट. यात चार भाग आहेत. मांडी, रिकामा, मांडी, तळहात. रिकाम्या भागात बहुतेकांचा हात थबकतो आणि लय तिथेच तुटते. हात थांबवायचा नाहीच. तो वर जातोच, फक्त तळहाताला शिवत नाही.

आयरिश जिगच्या, म्हणजे तिथल्या एका नाचाच्या धुनेच्या, 6 मात्रा तीन-तीनच्या. खाली-वर सलग वाजवलंत तर पहिली मात्रा मांडीवर पडते आणि चौथी तळहातावर. या दोन्हींवर वजन द्या. तळहातावरचा जोर हमखास कमी पडतो, म्हणून तो वेगळा घोटा.

रोलसाठी, म्हणजे सलग झरझर ठोक्यांसाठी, मोकळ्या हाताची बोटं फाकवून ताठ धरा आणि चमचे तर्जनीपासून करंगळीपर्यंत ओढत खाली आणा. चार बोटांचे चार ठोके, पाचवा मांडीवर, तो बरोबर समेवर. आधी इतकं सावकाश करा की प्रत्येक बोटाचा ठोका मोजता येईल.

कुणी सोबत फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) वाजवत असेल तर धुनेची पहिली फेरी नुसती ऐका. दुसरीत या, तळहाताची थोडी ओंजळ करून. आवाज खोल येतो आणि फिडल झाकली जात नाही.