पोकळ अक्षराला सावली : 'फोंडा' असा बोर्ड रंगवताना

जुन्या धाटणीचं पोकळ अक्षर, म्हणजे फक्त बाहेरची रेघ आणि उजवीकडे खाली पडलेली सावली. मापं अशी: अक्षराची उंची 200 मिमी, जाडी 30, रेघ 4, सावली उजवीकडे 16 आणि खाली 16. जमीन, म्हणजे अक्षरांमागचा बोर्ड, सायीच्या रंगाची, रेघ मरून, सावली मोहरी पिवळी.

पत्रा घासून, प्राइमर मारून घ्या. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या, पत्र्यावर थेट एनॅमल (चकचकीत तेली रंग) मारलं तर ते पापुद्र्यासारखं सुटतं. त्यासाठी वेगळा प्राइमर मिळतो.

कागदावर शब्द पूर्ण मापात काढून रेघेवर टाचणीने भोकं पाडा. कागद बोर्डावर ठेवून कोळशाची पूड थोपटा. मग तोच कागद 16 उजवीकडे, 16 खाली सरकवा आणि या वेळी गेरू थोपटा. काळे ठिपके अक्षराचे, तांबडे सावलीचे.

खरी गोम पुढेच आहे. तांबड्या आकाराचा बराच भाग अक्षराच्या पोकळीत येतो. तो ओल्या फडक्याने पुसून टाका. पोकळीत सावली भरली की अक्षर काचेचं दिसतं, आणि असे बोर्ड म्हापशापासून मडगावापर्यंत हवे तितके आहेत. पोकळी कोरी राहिली तरच डोळा तिला भरीव मानतो.

दुसरी चूक शिरोरेषेची. तिची सावली डाव्या टोकाला 16 मिमी उशिरा सुरू होते आणि उजव्या टोकाला तेवढीच बाहेर येते. दोन्ही टोकं सारखी कापून 'नीट' करणारे सगळा परिणाम घालवतात. शिवाय ही सावली शिरोरेषेखालून सगळ्या शब्दभर पडते, त्यामुळे 'ड'चं पोट वर चिकटून काढलंत तर मधली जागा बुजते. तिथे 40 मिमी तरी मोकळे हवेत. 'ड' आणि पुढचा काना यांत 32. त्याहून कमी नको.

'फों'वरचा अनुस्वार शिरोरेषेपासून 20 मिमी वर घ्या, नाहीतर त्याची सावली अर्धवट कापली जाते आणि डाग पडल्यासारखं दिसतं. ओकाराची मात्रा डावीकडून उजवीकडे उतरते, सावलीच्याच दिशेने; म्हणून तिच्या कडेला सावली जवळपास नसतेच. ते बरोबर आहे. विचित्र वाटतं म्हणून हाताने जाड करू नका. 'फ'च्या आकड्यात सावलीनंतर 4 मिमीहून बारीक फट उरत असेल तर ती मात्र सरळ भरून टाका, लांबून ती ओरखड्यासारखी दिसते.

सावली आधी रंगवा, आणि ती रेघेच्या पट्टीत 2 मिमी आत जाऊ द्या. रात्रभर वाळल्यावर मरून रेघ वरून मारली की सावलीची वेडीवाकडी कड झाकली जाते. आधी रेघ आणि मग सावली हा क्रम पोकळ अक्षराला चालत नाही. तसं केलं तर हाताची प्रत्येक थरथर उघडी पडते.

रेघेला लांब केसांचा बारीक ब्रश, हात टेकायला काठी. रंग टर्पेंटाइनने एवढाच पातळ करा की ब्रश अडखळणार नाही. ओघळला तर जास्त झालं.

जुलैत हे काम उघड्यावर काढूच नका. दमट हवेत एनॅमल वाळायला जास्त वेळ घेतं आणि चकाकीवर पांढुरकी साय धरते. दिवाळीनंतर, जत्रा सुरू व्हायच्या आधी, सकाळचं दव उडाल्यावर बसा.