उचल फिटत नसेल तर: वेठबिगारीतून कायद्याने बाहेर कसे पडावे

दसरा झाला की धारूर, वडवणी, केज, परळी, गेवराई या भागांतून ट्रकच्या ट्रक भरून माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या उसाच्या फडांकडे निघतात आणि चैत्राच्या आसपास पट्टा पडला, म्हणजे तोडणीचा हंगाम संपला, की परततात. निघण्याआधी मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेल्या उचलीचा (आगाऊ रकमेचा) हिशोब बहुतेकांचा कमीजास्त का होईना, पण संपतो. काही कुटुंबांचा मात्र तो कधीच संपत नाही. हंगाम उलटून गेला तरी 'अंगावर बाकी आहे' या एका वाक्याखाली त्यांना वीटभट्टीवर, मुकादमाच्या शेतात किंवा पुढच्या फडावर राबवले जाते. हे मार्गदर्शन अशा कुटुंबांसाठी आणि त्यांच्या बाजूने उभे राहू इच्छिणाऱ्या शिकलेल्या भाच्या-पुतण्यांसाठी आहे.

प्रथम आपली अवस्था नेमकी ओळखावी. उचल घेतली म्हणजे माणूस वेठबिगार झाला, असे नाही. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा असे विचारतो की उचलीच्या किंवा कर्जाच्या बदल्यात तुम्हाला मजुरीच मिळत नाही का, किंवा किमान वेतनापेक्षा कमी मिळते का. दुसरीकडे काम धरण्याची मोकळीक तुम्ही गमावली आहे का. जागा सोडून हवे तिकडे जाण्याची मुभा हिरावली गेली आहे का. यांपैकी एकाचे उत्तर 'होय' असेल तरी ती वेठबिगारी ठरते. मारहाण झालेलीच असावी, अशी अट कायद्यात कुठेही नाही. गंमत म्हणजे देशभरातल्या अशा प्रथांची जी यादी या कायद्याने दिली आहे, तिच्यात आपल्या जुन्या निजामी मुलखातला 'भागेला' हा शब्दही आहे. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसऱ्याच्याच टोळीत जाणारेही कोयते (ऊस तोडणारी जोडपी) असतात, आणि या कायद्याचा आडोसा त्यांच्यासाठी नाही.

यानंतरची पायरी कागदावर येत नाही, पण माझ्या अनुभवात बहुतेक माणसे तिथेच अडतात. उचल देताना अनेक ठिकाणी बेलभंडारा उचलायला लावतात. खंडोबाची शपथ घेतलेली असते, चार माणसांत शब्द दिलेला असतो, आणि म्हणून तीन वर्षे फुकट राबलेला माणूसही तहसीलच्या पायरीवर येऊन मागे फिरतो. 'देणं बुडवलं तर लेकराबाळांना लागेल,' असे म्हणतो. त्याला अंधश्रद्धाळू म्हणून हिणवणाऱ्या कार्यकर्त्यांनी नुकसानच अधिक केले आहे, कारण हा माणूस भित्रा नसतो, तो प्रामाणिक असतो. त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलावे. शब्द दोन्ही बाजूंनी दिलेला होता: एकाने काम करायचे आणि दुसऱ्याने टनाचा ठरलेला दर धरून हिशोब द्यायचा. ज्याने हिशोबच दिला नाही, त्याने शब्द आधी मोडला. गंगाखेडची जनाबाई दासी होती, पण तिचा विठ्ठल मालकाच्या वतीने बाकी मागायला येत नाही. तो तिच्या जात्याला हात लावतो. आपल्या देवालाही याच बाजूला उभे असलेले पाहावे. शिवाय कायद्यानेही हे देणे शिल्लक ठेवलेले नाही. वेठबिगारीचे कर्ज फेडण्याची जबाबदारी कलम ६ नुसार संपुष्टात आलेली आहे, त्यामुळे न फेडणारा माणूस काही बुडवत नसतो. एवढे मनात पक्के बसेपर्यंत अर्ज लिहायला घेऊ नये, कारण जबाबाच्या वेळी डगमगलेल्या मनाने माणूस स्वतःच 'बाकी आहे, साहेब' असे म्हणून मोकळा होतो.

रात्रीतून पळून जाण्याचा विचार शक्यतो करू नये. त्यात धाडस दिसते खरे, पण मागे राहिलेल्या भावाला किंवा म्हाताऱ्या वडिलांना उचलून नेले जाते, पळालेल्यावर फसवणुकीची तक्रार होते आणि आपण वेठीला होतो याचा जागेवरचा पुरावाही हातचा जातो. अधिकाऱ्यांनी कामाच्या ठिकाणीच येऊन सुटका करावी, हा मार्ग अधिक भक्कम आहे. मात्र जिवाला धोका असेल, बाईवर अत्याचार होत असेल किंवा कोणाला कोंडून ठेवले असेल, तर यातले काहीही पाहत न बसता ११२ वर फोन करावा; मूल अडकलेले असेल तर १०९८ हा क्रमांक आहे.

पुरावा जमवताना आपल्याकडे कागद नाही म्हणून खचून जाऊ नये. एका बाईने कोपीच्या, म्हणजे फडावरच्या झोपडीच्या, आडव्या बांबूवर कोयत्याने खाचा केल्या होत्या: कामाच्या दिवसाला उभी खाच, खाड्याच्या दिवसाला तिरपी, आणि गाडी भरून गेली की खाचेखाली टोचा. सुटकेच्या दिवशी तिने भांडी मागे ठेवली आणि तो हातभर बांबू तोडून लुगड्यात गुंडाळून आणला. तहसीलच्या टेबलावर त्या खाचा मोजल्या तेव्हा, मुकादमाच्या वहीत सलग खाडे मांडलेल्या महिन्यात दोनच तिरप्या खाचा निघाल्या. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांनी वजनाच्या पावत्यांचे आणि कोपीचे फोटो गावाकडच्या भरवशाच्या माणसाला पाठवून ठेवावेत, आणि उचल किती, कोणासमोर, कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठा घेतला होता का, हे आठवेल तसे सांगून त्याच्याकडून लिहून घ्यावे. पुराव्यात फट राहिली म्हणून थांबण्याचे कारण नाही, कारण कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार कलम १५ ने धनकोवर, म्हणजे उचल देणाऱ्यावर, टाकला आहे.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करावा आणि त्याची प्रत प्रांत (उपविभागीय अधिकारी) व तहसीलदार यांना द्यावी. ज्या जिल्ह्यात काम चालू आहे, तिथलेच हे अधिकारी असावेत. अंबाजोगाईचे कुटुंब बेळगाव जिल्ह्यात अडकले असेल, तर बीडला दिलेला अर्ज बेळगावला पोचेपर्यंत आठवडे जातात. गावाकडून नातेवाइकानेही अर्ज करता येतो. अर्जाच्या भाषेकडे विशेष लक्ष द्यावे. 'मजुरी थकली आहे' एवढेच लिहिले तर तो कागद कामगार खात्याकडे साध्या वेतनवादाचा म्हणून जातो आणि तिथेच पडून राहतो. म्हणून 'अमुक तारखेला इतकी उचल घेतली, त्या उचलीपोटी आम्हाला काम सोडू देत नाहीत, दुसरीकडे जाऊ देत नाहीत, मजुरीचा हिशोब देत नाहीत, आमची वेठबिगारीतून सुटका करावी' असे सरळ लिहावे. त्याखाली अडकलेल्या प्रत्येकाचे नाव आणि वय, लहान मुलांसह, तसेच फडाचे गाव, गट नंबर आणि कारखान्याचे नाव यावे. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. वकिलाची गरज भासल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. वेठबिगारीत सापडलेल्या व्यक्तीला उत्पन्नाचा विचार न करता मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि १५१०० या क्रमांकावरूनही ती मागता येते.

अधिकारी आल्यावर जबाब घेतात, आणि खरी कसोटी तिथे लागते. मुकादम चार हातांवर उभा असतो, कधी बिस्किटाचा पुडाही पुढे करतो, आणि सगळे त्याच्याकडे पाहत उत्तर देतात. जबाब मुकादमापासून दूर, शक्यतो दुसऱ्या जागी घ्यावा, अशी मागणी हात जोडून पण ठामपणे करावी. जोडीतल्या बाईचा जबाब वेगळा नोंदवून घ्यावा. कोयता एक असला तरी राबणारी माणसे दोन असतात, आणि हिशोबातली खोट बहुधा तिलाच अचूक ठाऊक असते. 'बाकी किती आहे?' असे विचारले तर आकडा सांगू नये. उचल किती घेतली, काम किती केले आणि हाती किती आले, हे तीन आकडे सांगावेत. जबाब वाचून दाखवल्याशिवाय अंगठा उठवू नये.

वेठबिगारी सिद्ध झाली की मुक्तीचे प्रमाणपत्र मिळते, आणि ते प्रत्येक व्यक्तीचे स्वतंत्र असावे, असा आग्रह धरावा. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत आहे. पुढे प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख आणि अत्यंत अमानुष शोषण झालेल्यांना ३ लाख रुपये अशी तरतूद आहे; पण ही अंतिम रक्कम आरोपीच्या शिक्षेशी जोडलेली असल्यामुळे ती लवकर हाती पडेल, या भरवशावर नवा खर्च काढू नये. गावी परतताच रेशनकार्ड आणि रोजगार हमीचे जॉबकार्ड यांची कामे आधी उरकावीत, कारण रिकाम्या डब्यापुढे नव्या उचलीला नाही म्हणणे कठीण जाते.

पोळ्याच्या सुमारास मुकादमाची माणसे जुन्या बाकीसाठी दारात येतील, हे गृहीत धरावे. संपुष्टात आलेल्या अशा कर्जापोटी पैसे घेणे हा कलम ९ खाली ३ वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, हे त्यांना सरपंचांसमोर सांगावे, आणि 'अर्धे तरी द्या' या तडजोडीला बसू नये. प्रमाणपत्र बहुतेक घरांत देव्हाऱ्यात, भंडाऱ्याच्या कोयरीशेजारी ठेवलेले दिसते. तिथे ते ठेवायला हरकत नाही. फक्त ते आधी लॅमिनेट करावे, कारण समईचे तेल शाईला सोडत नाही, आणि एक झेरॉक्स लेकीच्या सासरी ठेवावी.