स्क्रिप्ट लावून क्लाऊडवर आपोआप बॅकअप, आणि तो गुपचूप बंद पडू नये म्हणून काय करायचं

हाताने फाईली उचलून ड्राईव्हवर टाकणं हा प्रकार कुणाचाच फार दिवस टिकत नाही, त्यामुळे सरळ स्क्रिप्ट लावून मोकळं व्हा. खाली लिनक्स धरून सांगतोय. कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलमधे अर्थातच इंग्रजीत टाईप करायची.

टूल एकच लागतं, आरक्लोन. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, गूगल ड्राईव्ह, वनड्राईव्ह, ड्रॉपबॉक्स, अ‍ॅमेझॉन एस-थ्री सगळ्यांशी बोलतं. इन्स्टॉल झालं की 'आरक्लोन कॉन्फिग' चालवायचं, नवीन रिमोट (म्हणजे आरक्लोनमधे जोडलेलं क्लाऊड खातं) निवडायचा, त्याला काहीतरी छोटं नाव द्यायचं, आपण 'ड्राईव्ह' धरू, मग ब्राउजर उघडतो तिथे लॉगिन करून परवानगी द्यायची. गूगल ड्राईव्ह असेल तर मधे स्कोप, म्हणजे किती परवानगी द्यायची ते, विचारतो, तिथे 'ड्राईव्ह डॉट फाईल' घ्या, म्हणजे आरक्लोनला फक्त त्याने स्वतः चढवलेल्या फाईली दिसतात, बाकी ड्राईव्हला हात लागत नाही. आरक्लोनसाठी गूगलकडून स्वतःची क्लायंट आयडी (अ‍ॅपची ओळख) काढली असेल तर गूगलच्या कन्सोलमधे ते अ‍ॅप 'टेस्टिंग'मधे ठेवू नका, टोकन, म्हणजे लॉगिनची साठवलेली परवानगी, ७ दिवसांत मरतं आणि मग लोक आरक्लोनला शिव्या घालत बसतात. आणि हो, गूगलचे फुकटातले १५ जीबी हे जीमेल आणि फोटोंसकट आहेत, ते आधीच किती भरलेत बघून घ्या.

आता खरी मेख. आरक्लोनमधे 'कॉपी' आणि 'सिंक' अशा दोन कमांड आहेत. कॉपी फक्त वर चढवतं, वरचं काही उडवत नाही, पण तुम्ही फोल्डरचं नाव बदललं की वर दोन-दोन प्रती साचत जातात. सिंक हुबेहूब आरसा करतं, म्हणजे इकडे चुकून फाईल उडाली की पुढच्या वेळी वरूनही उडाली, याला बॅकअप म्हणायचं कसं? माझं मत विचाराल तर सिंकच वापरा पण '--बॅकअप-डिर' जोडून, म्हणजे जी फाईल उडणार किंवा बदलणार तिची जुनी प्रत वेगळ्या फोल्डरमधे सरकते. वर 'चालू' आणि 'जुनं' असे दोन फोल्डर, आणि जुनंच्या आत त्या दिवसाच्या तारखेचा फोल्डर. हे दोन्ही एकाच रिमोटवर हवेत, आणि जुनं हे चालूच्या आत ठेवायचं नाही.

स्क्रिप्ट म्हणजे मग जेमतेम चार-पाच ओळी. सुरुवातीला सोर्स फोल्डर आणि आजची तारीख व्हेरिएबलमधे घ्यायची, आणि सिंकची ओळ अशी:

आरक्लोन सिंक "$सोर्स" ड्राईव्ह:चालू --बॅकअप-डिर ड्राईव्ह:जुनं/$तारीख --लॉग-फाईल बॅकअप.लॉग --लॉग-लेव्हल इन्फो

पण तिच्या आधी एक ओळ टाकाच. सोर्स जर एक्स्टर्नल डिस्कवर असेल आणि डिस्क माउंटच झाली, म्हणजे सिस्टमला जोडली गेली, नसेल तर माउंटचा फोल्डर रिकामा दिसतो, आणि सिंकला वाटतं की मालकाने सगळं साफ केलं! म्हणून सोर्समधे एक छोटी रिकामी खुणेची फाईल ठेवून द्या आणि स्क्रिप्टला सांगा की ही फाईल दिसली नाही तर इथेच थांब, पुढे जाऊ नको.

पहिल्यांदा '--ड्राय-रन' लावूनच चालवा, काय चढेल काय उडेल ते नुसतं दाखवतं, करत काही नाही. कॅशे, नोड मॉड्यूल्स (प्रोग्रामिंगच्या पुन्हा उतरवता येणाऱ्या लायब्ररी) असला कचरा '--एक्स्क्लूड'ने वगळा. चालू डेटाबेसची फाईल मात्र थेट उचलू नका, अर्धवट लिहिलेली वर जाऊ शकते, आधी डंप, म्हणजे डेटाबेसची फाईलमधे काढलेली पूर्ण प्रत, काढा आणि तो चढवा.

वेळापत्रकाला क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणारी लिनक्सची सोय. 'क्रॉनटॅब -ई' उघडून '० २ * * *' आणि पुढे स्क्रिप्टचा पूर्ण पाथ, झालं, रोज रात्री २ वाजता. हाताने चालवली की स्क्रिप्ट चालते आणि क्रॉनमधून चालत नाही, ही तक्रार कायमची, आणि बहुतेक वेळा कारण एकच, क्रॉनचा पाथ, म्हणजे कमांड जिथे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी, अगदी तुटपुंजा असतो, त्याला आरक्लोन सापडतच नाही. स्क्रिप्टमधेही आरक्लोनचा पूर्ण पाथ लिहा. तारखेची कमांड थेट क्रॉनटॅबमधे लिहू नका, तिथे टक्केवारीच्या चिन्हाचा अर्थ वेगळा होतो. पहिला अपलोड दोन दिवस चालला तर दुसरी रात्र त्याच्यावर चढेल, म्हणून क्रॉनच्या ओळीत स्क्रिप्टच्या आधी 'एफलॉक -एन' आणि एका लॉक फाईलचं नाव टाका, म्हणजे पहिलं चालू असेपर्यंत दुसरं सुरूच होत नाही. लॅपटॉप रात्री बंद असेल तर क्रॉन ती वेळ सोडून देतं, तिथे सिस्टमडीचा (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) टायमर बरा, त्यात 'पर्सिस्टंट' ट्रू केलं की मशीन चालू झाल्यावर राहिलेलं काम उरकतो. विंडोजवाल्यांनो, टास्क शेड्युलरमधे हुकलेलं टास्क नंतर चालवायची टिक आहे ती मारा, आणि 'फक्त चार्जिंगवर असताना' वाली काढा.

लॉग कोणी रोज वाचत नाही, खरं सांगायचं तर आठवड्यातून एकदाही नाही. म्हणून स्क्रिप्टच्या शेवटी, सिंक नीट संपलं तरच, 'कर्ल' या कमांडने हेल्थचेक्स डॉट आयओ या पाळत ठेवणाऱ्या वेबसेवेला एक पिंग (झालं असा छोटा इशारा) मारायचा. ठरल्या वेळेत पिंग आला नाही की तेच तुम्हाला मेल टाकतात. स्क्रिप्टने फेल झाल्यावर मेल पाठवायचा हा उलटा प्रकार कामाचा नाही, मशीनच बंद असेल तर मेल पाठवणार कोण.

कागदपत्रं खाजगी असतील तर आरक्लोनचाच 'क्रिप्ट' रिमोट, जो फाईली कुलूपबंद करून वर पाठवतो, ड्राईव्हवर चढवा, फाईलींची नावंसुद्धा वर वाचता येत नाहीत. फक्त त्याचा पासवर्ड त्याच मशीनवर ठेवून बसू नका, डिस्क गेली की पासवर्डही गेला आणि वरच्या फाईली मग तुम्हालाच उघडता येणार नाहीत. अधूनमधून दुसऱ्याच मशीनवर आरक्लोन टाकून, तोच पासवर्ड देऊन एखादा फोल्डर खाली उतरवा आणि त्यातल्या दोन-चार फाईली उघडून बघा.