गोव्यातल्या स्वयंपाकघरातला धूर आणि ओल: चिमणी बसवताना काय पाहावे

बांगडे तळले की वास दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळतो, शागुतीच्या मिरच्या भाजायला घेतल्या की बाहेरच्या खोलीत बसलेल्याला ठसका लागतो, आणि पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी धरते. घरात चिमणी असूनही हे होत असेल, तर दोष बहुधा मोटारीचा नसतो. हवा बाहेर जायची वाट चोंदलेली असते, नाहीतर आत यायला वाटच नसते.

१ किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत २२ लिटरच्या आसपास पाणी घरातल्या हवेत मिसळते. भाताची, कालवणाची वाफ वेगळीच. म्हणून पाइप नसलेली, कोळशाच्या फिल्टरमधून हवा गाळून पुन्हा आत सोडणारी चिमणी गोव्यात घेऊच नये. ती वास थोडा धरते, वाफ मात्र जशीच्या तशी परत देते.

१० बाय ८ फुटांच्या, ९ फूट उंच स्वयंपाकघरात साधारण २० घनमीटर हवा मावते. तासाला १५ वेळा ती बदलायची म्हटले तरी ३०० घनमीटर पुरतात. चिमणीच्या खोक्यावर तासाला १००० किंवा १२०० घनमीटर लिहिलेले असते, पण तो बहुधा पाइपचा अडथळा नसतानाचा आकडा. तेव्हा मोठ्या आकड्यामागे न धावता पैसे पाइपवर घालावेत. चिमणी शेगडीपासून ६५ ते ७५ सेंटिमीटर उंच बसवावी.

खरे काम पाइपचे. चिमणीचे तोंड ६ इंची असेल तर पाइप शेवटपर्यंत ६ इंचीच हवा. भिंतीला आधीच ४ इंची भोक आहे म्हणून फिटर तिथे पाइप बारीक करतात, आणि सगळे तिथेच बिघडते. ४ इंची पाइपचे तोंड ६ इंचीच्या निम्म्याहूनही लहान. तेवढीच हवा त्यातून ढकलायला सातपट जोर लागतो. मोटार घरघरते, धूर मात्र शेगडीवरच फिरत राहतो. लांबी शक्यतो ३ मीटरच्या आत आणि काटकोनी वळणे दोनच ठेवावीत. चुण्यांचा लवचीक पाइप वापरला तर पूर्ण ताणून जास्तीचा तुकडा कापून टाकावा. चुण्या हवा अडवतात आणि तेलही धरतात. सांध्यांना क्लॅम्प आणि अॅल्युमिनियमची टेप लावावी, साधी चिकटपट्टी उष्णतेने सुटते. चिमणीच्या तोंडाशी असलेली झडप हाताने उघडून पाहावी. वाहतुकीसाठी लावलेली टेप तशीच राहिली असेल तर ती उघडतच नाही.

चिऱ्याच्या भिंतीत भोक साडेसहा इंची घ्यावे आणि पाइपला बाहेरच्या बाजूला मीटरमागे २ सेंटिमीटर उतार द्यावा, म्हणजे आत शिरलेले पाणी उलट बाहेर पडते. चिरा पाणी पितो, त्यामुळे पाइपभोवतीची फट सिमेंटने बुजवून बाहेरून सिलिकॉन भरावे. नुसता गिलावा पुरत नाही. पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो. पाइपचे तोंड त्या दिशेला ठेवले की झड आत येते आणि धूरही मागे ढकलला जातो. पूर्वेची किंवा उत्तरेची भिंत निवडावी. ते जमतच नसेल तर खाली तोंड असलेली टोपी आणि आपोआप मिटणारी झडप लावावी. तोंडाला मच्छरदाणीची बारीक जाळी लावू नये, तेलाने ती लवकरच बुजते. पाखरे आणि उंदरांसाठी १२ मिलिमीटरची जाळी पुरे. समुद्राजवळच्या घरांत स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, साधे गंजतात.

मंगळुरी कौलांच्या घरात धूर पूर्वी कौलांच्या फटींतून आपसूक निघून जायचा. खाली फॉल्स सीलिंग केले की ती वाट बंद होते. काही ठिकाणी चिमणीचा पाइप त्याच सीलिंगवर मोकळा सोडलेला असतो. हे अगदी धोक्याचे: वाशांवर तेल साचते, ओलीने ते कुजतात, आणि ठिणगी पडली तर आग छपरात जाते. पाइप भिंतीबाहेर किंवा छपराबाहेरच काढावा.

आता आत येणारी हवा. चिमणीसमोरच्या, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची खिडकी चार बोटे उघडी ठेवावी. शेगडीलगतची नको, वारा धूर पसरवतो आणि आच हलवतो. सगळे बंद करून चिमणी लावली तर ती मिळेल तिथून हवा ओढते. घरात गॅस गीझर चालू असेल तर त्याचा जळका वायूही आत खेचला जाऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून याबाबत अजिबात हयगय करू नये. तपासायला पेटती उदबत्ती आधी शेगडीच्या कडेला, मग खिडकीच्या फटीशी धरावी: पहिल्या ठिकाणी धूर वर चिमणीत, दुसऱ्या ठिकाणी खोलीकडे वळला पाहिजे.

चिमणी स्वयंपाकाआधी २ मिनिटे सुरू करावी, नंतर १० मिनिटे चालू ठेवून बंद करावी. थंड प्रदेशात हिवाळ्यात बाहेरची हवा आत येऊन तापली की कोरडी होते, म्हणून तिथे हवा खेळवली की घर सुकते. इथे जुलैत बाहेरची हवाच ओली. चिमणी तासन्‌तास चालवून ओल जात नाही. शेजारच्या खोलीत एसी असेल तर मधले दार बंद ठेवावे. २७ अंशांच्या, ९० टक्के आर्द्रतेच्या हवेतले पाणी २५ अंशांच्या भिंतीवरही धरू लागते, आणि एसी २२ वर असला तर ती भिंत घामाघूम होते.

तळण रोज असेल तर फिल्टर १५ दिवसांनी धुवावेत. स्टीलच्या फिल्टरला ५ लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा चालतो. अॅल्युमिनियमच्या जाळीला तो लावू नये, ती काळवंडते. तिला भांड्यांचा साबण पुरे.

गॅसगळतीसाठी मात्र चिमणी उपयोगी नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. त्यासाठी भिंतीत खाली, जमिनीजवळ एक झरोका हवा. गॅसचा वास आला तर चिमणीसह कुठल्याही बटणाला, चालू किंवा बंद करायलाही, हात लावू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सगळ्यांनी बाहेर पडून तिथून फोन करावा.