मुलांचा पहिला रोबो: मोटरला वीज वेगळी द्या

मुलांना कोडिंग शिकवायला आधी लॅपटॉप आणि महागडं किट घ्या, हा सल्ला ऐकू नका. एक मायक्रोबिट, म्हणजे मुलांसाठीचा खिशात मावणारा छोटा संगणक-बोर्ड, आणि घरातला अँड्रॉइड फोन पुरतो. फोनवरच्या मायक्रोबिट अ‍ॅपमधून मेककोड उघडायचं, त्यात सूचनांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचा आणि तो ब्लूटूथने मायक्रोबिटवर पाठवायचा.

सुरुवात दिव्यांपासून. मायक्रोबिटवर 5 बाय 5 असे 25 दिवे असतात. आपल्या सोलापूरच्या मुलांना आलेखाच्या कागदावर चादरीची नक्षी काढू द्या आणि तीच दिव्यांवर उतरवू द्या. जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी ठरवणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्यात भोक असलं की दोरा उचलला जातो, नसलं की नाही. इथे दिवा चालू किंवा बंद. घरात कुणी मागावर असेल तर त्या पोराला आणखी समजवावं लागत नाही. बटणं, हलवल्यावर नक्षी बदलणं, हे मुलं स्वतःच शोधतात.

मग दोन चाकांची गाडी, आणि खरी अडचण इथेच. मोटर झटका देते, दिवे विझतात, मायक्रोबिट पहिल्यापासून सुरू होतो. मूल बिचारं प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतं आणि चूक तिथे नसतेच. मायक्रोबिटची पिन, म्हणजे कडेची वायर जोडायची जागा, फक्त इशारा देऊ शकते, मोटर चालवण्याइतकी वीज देऊ शकत नाही. मोटर सुरू होताना किंवा अडकल्यावर एकदम जास्त करंट खेचते, व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड रीसेट होतो.

म्हणून मध्ये मोटर ड्रायव्हर हवाच, म्हणजे इशारा घेऊन मोटरला सेलची वीज देणारा छोटा बोर्ड, आणि तोही 3 व्होल्टचा इशारा ओळखणारा. मोटरसाठी 4 पेन्सिल सेल वेगळे, मायक्रोबिटचे 2 सेल वेगळे. पण दोन्हींची ग्राउंड वायर, म्हणजे सेलच्या ऋण (-) टोकाची वायर, एकमेकांना जोडा. ती राहिली तर ड्रायव्हरला इशारा कळत नाही आणि गाडी वेड्यासारखी वागते. काहीही बिघडलं की मी आधी तीच वायर तपासतो. चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी दुकानदार हमखास पुढे करतो. घेऊ नका, तिला मोटरचा भार झेपत नाही. सुटे लिथियम सेल मुलांच्या हातात मुळीच देऊ नका.

चाकं बसवणं सोपं.

गाडी तिरकी जाईल, कारण दोन मोटरी कधीच सारख्या नसतात. तुम्ही दुरुस्त करू नका. प्रोग्रॅममध्ये वेगाचा आकडा 0 ते 1023 असतो. जोरात फिरणाऱ्या बाजूचा आकडा मुलालाच थोडा थोडा कमी करू द्या. सेल उतरले की तो पुन्हा बदलावा लागतो, म्हणून तो दहा ठिकाणी न लिहिता एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे आकडा साठवायच्या नाव दिलेल्या डब्यात, ठेवायला लावा.