शेतजमिनीची वाटणी कलम ८५ ने कशी करायची

वडील गेले, सातबाऱ्यावर आई, भाऊ, बहिणी सगळ्यांची नावं चढली की लोक समजतात वाटणी झाली. नाही झाली. ती नुसती वारस नोंद, जमीन अजून सामाईकच आहे आणि कोणाचा बांध कुठून जातो हे त्यात कुठंच लिहिलेलं नसतं. वेगळा सातबारा पाहिजे तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करावा लागतो. भावकीत आणि गावात इतक्या वाटण्यांचे कागद मी केलेत की "स्टॅम्पवर लिहा, नोटरी करा, झालं" असं कोणी सांगितलं की डोकं फिरतं. नोंदणी नसलेलं वाटणीपत्र कोर्टात वाटणीचा पुरावा म्हणून टिकत नाही. आणि शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क १०० रुपये आहे, नोंदणी शुल्कही माफ करायचा निर्णय २०२५ मध्ये झाला, मग नोंदणी टाळून वाचवताय काय?

वारस नोंद आधी करून घ्या: मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडे अर्ज, फेरफार (नाव बदलाची नोंद) मंजूर. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा (जमिनीवरचं कर्ज) असेल तर त्यांच्याशीही आधीच बोला.

आता बहिणी. "वडील २००५ च्या आधी वारले, तिला कसला हिस्सा" हे अजून पारावर ऐकू येतं. सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट सांगितलंय की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मानेच आहे, मुलींना मुलांइतका हक्क देणारी २००५ ची दुरुस्ती आली तेव्हा वडील हयात असणं गरजेचं नाही. (हे हिंदू वारसा कायद्याचं, मुस्लिम कुटुंबात हिस्से वेगळे पडतात.) २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत कागदाने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटणी झाली असेल तर ती जुनी वाटणी कायम राहते. ताईला स्वतःहून हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा, पण राखीपौर्णिमेला माहेरी आली की तिच्यापुढं कागद सरकवणं बंद करा. हे मला मनापासून चुकीचं वाटतं, आणि दबावाने घेतलेली सही पुढे कोर्टात वाटणीच अडकवते.

खरं अवघड काम म्हणजे कोणी कुठला तुकडा घ्यायचा. आमच्या घरच्या वाटणीत सगळ्यात जास्त वेळ इथंच गेला. प्रत्येकाला वाटतं प्रत्येक गटात (गट म्हणजे स्वतःचा नंबर असलेला जमिनीचा तुकडा) आपला पट्टा पाहिजे, रस्त्याकडचाही आणि ओढ्याकडचाही, म्हणजे कोणावर अन्याय नको. पण तुकडेबंदी कायदा आडवा येतो. २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे आहे, त्यापेक्षा लहान तुकडा पडेल अशी वाटणी करता येत नाही. समजा ३० गुंठे जिरायत आणि हिस्सेदार चार, तर प्रत्येकी साडेसात, हे होणारच नाही. तिथं एकाने अख्खी जमीन घ्यायची आणि बाकीच्यांना हिश्श्याचे पैसे द्यायचे, कायद्यातच तशी भरपाईची तरतूद आहे.

म्हणून माझं ठाम मत, गट फोडू नका, गट वाटा. एकाला वरचा गट, दुसऱ्याला विहिरीजवळचा, किमतीत फरक पडला तर तो पैशात भागवा आणि रक्कम कागदावर लिहा. शंकरपाळ्यासारखे कापलेले पट्टे पुढच्या पिढीला ना ट्रॅक्टरला पुरतात ना विकायला.

दुसरं, रस्ता आणि विहीर. आज भाऊ-भाऊ गोडीत आहेत म्हणून "जाऊ की माझ्या बांधावरून" म्हणतात, पण उद्या त्यांची मुलं म्हणणार नाहीत. आतल्या हिस्सेदाराची वाट किती फूट रुंद, बैलगाडी जाईल की ट्रॅक्टर, हे नकाशात दाखवा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद करून घ्या. विहीर सामाईक ठेवली तर पाण्याची पाळी कशी, मोटारीचं वीज कनेक्शन कोणाच्या नावावर, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, सगळं लिहा. हे न लिहिता केलेल्या वाटण्या मी मोडताना बघितल्यात.

अर्जासोबत सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), फेरफार, वाटपाचा कच्चा नकाशा आणि सगळ्यांची संमती. कायद्याने एकटा सहधारकही (सामाईक जमिनीतला एक हिस्सेदार) अर्ज करू शकतो, पण कोणी मालकी हक्काचाच वाद काढला तर दिवाणी कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तहसीलदार वाटप करू शकत नाही, म्हणून संमतीसाठी महिने गेले तरी चालतील. अगदीच जमलं नाही तर दिवाणी दावा, कोर्ट हिस्से ठरवतं आणि प्रत्यक्ष जमीन कापून द्यायचं काम परत महसूल खात्याकडेच येतं.

आदेश हातात आला की भूमी अभिलेख कार्यालयाकडे पोटहिस्सा मोजणीचे (प्रत्येकाचा हिस्सा वेगळा मोजायचे) पैसे भरा, त्याशिवाय नवा नकाशा होत नाही. मोजणीच्या दिवशी सगळे हिस्सेदार शेतात हजर पाहिजेत, कोणी बाहेरगावी असेल तर त्याने दुसऱ्याला लेखी अधिकार द्यावा, आणि खुणांचे दगड सगळ्यांसमोर त्याच दिवशी रोवून घ्या.